खड्डा नंबर बत्तीस

मामंजी, आज मी तुमच्याशी सरळ बोलायला बसले आहे. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आहे. सून म्हणून या घरात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण तुमच्यासमोर उभं राहून मी कधी चार वाक्यं बोलले नाही. ताट वाढलंय हेसुद्धा मी सासूबाईंना, आत्याबाईंना, सांगायची. तुम्ही पलीकडंच बसून ऐकलेलं असायचं, तरी त्या तुम्हाला परत सांगायच्या. तुमचंही तसंच. मी चुलीपाशी, तुम्ही सोप्यात, मधे एक उंबरा, आणि तुम्ही म्हणायचा, "तिला म्हणावं, आज कालवण झ्याक झालंया." मग आत्याबाई वैतागायच्या. "ऐकलंय तिनं. तुमा दोघांची टपालवाली हाय व्हय मी?"

तेरावा झाला. उंब्रजचे पाहुणे गेले, पाटणचे गेले. हे रजा संपवून पलटणीत परत गेले. आलेल्या माणसांनी तुमच्याबद्दल पुष्कळ सांगितलं, कुठल्या मुलखात होता, कुठल्या बर्फात उभे राहिला होता. ते मी इथं सांगत नाही, मला त्यातलं काही ठाऊकही नव्हतं. मला ठाऊक होते ते पलटणीतून परतलेले, सड्यावरचे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरचे, चौकीदार. मातीच्या पिशव्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून डोंगर उतरून येणारे.

दुष्काळ सरला आणि धरणाच्या कामाचं बोलणं निघालं, तेव्हाची गोष्ट. धरणाच्या पोटात भरायला चिकण माती लागते, ती कुठं मिळेल ते बघायला साहेब आले. खालच्या रानांत आणि वर सड्यावर खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीला माणूसभर खड्डा घ्यायचा, हात-हात खोलीवरची माती पिशवीत भरून तपासायला पाठवायची. पिशव्या मी शिवायची, मांजरपाटाच्या. आणि चौथीपर्यंत शिकलेली म्हणून चिठ्ठ्याही माझ्याकडं आल्या. खड्डा नंबर, खोली, तारीख. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर बांधायची. तुम्ही सोप्यात बसून सांगायचा, मी आत बसून लिहायची. खरं तर आपण दोघं एवढंच बोललो, मामंजी. खड्डा नंबर सात. खोली एक मीटर. लिव्हलं का? या नंबरांत आत्याबाईंना मधे घ्यायला वेळ नसायचा, म्हणून त्या संध्याकाळी तुमचा आवाज सरळ माझ्याकडं यायचा. ते मला आवडायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

सड्यावरच्या पाणथळीतल्या एका फुलाचं वेड तुम्हाला कॉलेजातल्या सरांनी लावलं. ते पावसाळ्यात छत्री घेऊन आले, ओणवे होऊन पाण्यात बघत बसले, आणि तुमच्या चौकीत बसून तुमचा चहा पिऊन म्हणाले, हवालदार, हे रोप आपल्या इकडच्या दोन-चार सड्यांशिवाय कुठं असल्याचं आमच्या पुस्तकात नाही, सांभाळा. बस, एवढंच. तुम्ही घरी येऊन सांगितलं ते असं, जसा काही हुकूम सुटला होता.

मी एकदा आत्याबाईंबरोबर वर येऊन बघितलं होतं. घोटाभर पाणी. पाण्यावर लांबोडी पानं पसरलेली, आणि एका दांडीवर दोन तुरे, उगवत्या दोन शिंगांसारखे, फिकट जांभळे. बघायला चांगलं. पण गुरं ते खात नाहीत, माणूस खात नाही, देवाला कुणी वाहत नाही. म्हणून मी आत्याबाईंना म्हणाले, "इचारा त्यांस्नी, उपेग काय त्याचा?"

तुम्ही आत्याबाईंकडं बघून सांगितलं, "तिला म्हणावं, पलटणीत मला कुणी इचारलं न्हाई, तुजा उपेग काय. हितं हुबा ऱ्हा म्हनले. ऱ्हायलो."

फाल्गुनात बत्तीस नंबरची खुंटी नेमकी त्या पाणथळीत आली. फाल्गुनात तिथं काय असतं? पाणी नाही, पान नाही, तडकलेला चिखल. बोराएवढी कांदी तेवढी त्या चिखलाखाली असतात, पण ती खणल्याशिवाय दिसत नाहीत आणि खणल्यावर उरत नाहीत. तुम्ही साहेबांना तिथं नेलंत. मी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन वर आले होते, कातळाच्या आडोशाला उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

"सायेब, हितं नगं."

"का हवालदार? देव आहे का इथं?"

"देव न्हाई. झाड हाय."

साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. "कुठाय झाड?"

"झोपलंय."

खड्डे घेणारी माणसं कुदळीवर हात ठेवून खदाखदा हसली. एक जण म्हणाला, "मग पांघरूण घाला की हवालदार, ऊन लागंल त्याला." साहेब हसले नाहीत. ते माझ्या माहेरच्या सांगलीकडचे, वयानं लहान, पण मुरलेले. ते म्हणाले, "मी वर काय लिहू? झाड झोपलं होतं म्हणून खड्डा घेतला नाही?"

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी साधा मार्ग सांगितला. तिथं एक दगड ठेवा, शेंदूर लावा, नारळ फोडा. म्हसोबाच्या जागी कुठला सरकारी माणूस कुदळ घालतोय? खालच्या आळीतल्या लोकांनी आपल्या बांधावरची खुंटी तशीच हलवली होती, सगळ्या गावाला माहीत होतं. तुम्ही जेवता जेवता थांबलात.

"देवाच्या नावानं खोटं बोलून राखायचं? मग राखलं कशाला म्हनायचं?"

"तुमचं खरं घिऊन बसा मग," आत्याबाई म्हणाल्या. "त्यावर फूल येतंय का बघा."

तुम्ही बसला नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबांकडं गेलात, आणि साहेबांनी तोड काढली. थोडी कांदी उचला, घरी लावा. जगली तर सगळीच उचलून दुसरीकडं नेऊ आणि खड्डा घेऊ. नाही जगली तर जागा बदलायचं बघतो. पावसाळा संपेपर्यंत बत्तीस नंबर थांबेल.

तुमच्या हाताला गुण होता, मामंजी. हे मी म्हणत नाही, गाव म्हणायचं. कुणाच्या दारात नारळ लावायचा असला, आंब्याची कोय टाकायची असली, की पहिला हात तुमचा. तुम्ही माती दाबली की रोप उभं राहिलंच. म्हणून साहेबांनी हे सांगितल्यावर मला वाटलं, झालं, आता हे जगणार आणि सड्यावरचं सगळं उचललं जाणार. तुमच्याच चांगल्या हातामुळं. तुमच्याही मनात ते आलं असणार, कारण पाटीभर चिखल घेऊन खाली आलात तेव्हा पाटी उतरवून तुम्ही आपल्याच हातांकडं बघत होता. तरी कुचराई केली नाहीत. परसातली, गुरांना पाणी पाजायची, कडा फुटलेली दगडी डोण धुतली, सड्यावरचेच चपटे दगड तळाला अंथरले, वर चार बोटं तोच चिखल, त्यात कांदी. पाऊस लागला, डोणीत पाणी साठलं, आणि पानं वर आली. मुलाच्या जिभेसारखी कोवळी. तुम्ही उकिडवे बसून बघत होता. आनंद होता तुमच्या तोंडावर आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एका वेळी.

आता मला सांगायचं ते सांगते.

तुम्हाला वर चौकीवर चार-चार दिवस राहावं लागायचं. डोण माझ्याकडं होती. आषाढात दोन पानांच्या कडा पिवळ्या झाल्या. आमचं माहेर मिरजेजवळ, नदीकाठची काळी रानं. तिथं पान पिवळं दिसलं की बाई पाटी घेऊन उकिरड्याकडंच वळते. उसाला खत, वांग्याला खत, दारातल्या तुळशीलासुद्धा. तुम्ही त्यावरून मला टोमणाही मारायचा. "सांगलीकडची माणसं दगडालाबी खत घालतील." मला त्या रोपाची दया आली, मामंजी. परक्या जागी आलेलं, चार बोटं मातीत उभं राहिलेलं, पोटाला काही नाही. मी कुजलेलं शेणखत पाण्यात कालवलं, फडक्यानं गाळलं, आणि डोणीत ओतलं. दोन दिवसांनी परत. मग आणखी एकदा.

आठ दिवसांत पाणी हिरवं झालं. पानांवर बुळबुळीत साय धरली. हातात घेतलं तर पान बोटाला चिकटून यायचं.

तुम्ही आलात. मी गोठ्याच्या दारात होते. तुम्ही डोणीत हात घातला, बाहेर काढला, नाकापाशी नेला, आणि मग धोतराला पुसला. माझ्याकडं बघितलं नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं वं?" तुम्ही म्हणालात, "मेलं. माज्या हातानं मेलं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं, परवा सांगू म्हटलं. आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं, एवढा सोपा रस्ता होता. मी भीत होते. तुम्ही रागवाल म्हणून नाही. तुम्ही मला कधी रागावला नाहीत. तुम्ही गप्प बसाल याला मी भीत होते.

दिवाळी झाल्यावर साहेब घरी आले. मी आत चिठ्ठ्या लिहीत होते. तुम्ही उभे राहून सांगितलंत, "सायेब, मी लावलं हुतं. मेलं."

साहेब म्हणाले, "तुमच्या हातानं मेलं तर मग कुणाच्याच हातानं जगणार नाही." आणि त्यांनी बत्तीस नंबरची खुंटी पन्नास पावलं पलीकडं नेली. शेऱ्यात लिहिलं, जागा बदलली. पलीकडच्या मातीची चिठ्ठी मीच लिहिली. ते लिहिताना मला कळलं, की मी खरं सांगितलं तर ही खुंटी उद्या परत पाणथळीत जाईल. माझ्या चुकीवर ती जागा वाचली होती. त्या दिवसापासून मी भीतीनं गप्प होते की फुलासाठी गप्प होते, ते मला वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही.

पण तुमचं काय झालं ते मी रोज बघत होते. खालच्या आळीतले लोक नारळाचं रोप घेऊन तुम्हाला बोलवायला आले, तर तुम्ही घोंगडं सारखं करत म्हणालात, "दुसऱ्या कुणाला तरी घ्या गड्या. माज्या हाताला आता यश न्हाई." त्यांना वाटलं थट्टा करताय. पुढच्या वर्षी परसातलं वांग्याचं रोपसुद्धा तुम्ही लावलं नाही. रोपं आणून उंबऱ्यापाशी ठेवली आणि म्हणालात, "तिला लावायला सांग." मी लावली. आली. चांगली आली. आत्याबाई ताटात वाढताना म्हणाल्या, "सुनंचा हात तुमच्यापरीस बरा हाय." तुम्ही हसून जेवलात. मी माझ्या ताटातलं वांगं बाजूला सारलं.

आणि एक गोष्ट आहे जी तुम्ही गेल्यापासून मला बसू देत नाही. तुम्ही हात नाकापाशी नेला होता. शेतात आणि गोठ्यात वाढलेल्या माणसाला शेणखताचा वास कळत नाही होय? कळला असेल, तर तुम्ही माझ्यासाठी आपल्या हाताला बट्टा लावून घेतला, आणि साहेबांपुढं जे बोललात ते मोजून-मापून बोललात. लावलं हुतं. मेलं. कळला नसेल, तर शेवटचा श्वास घेईपर्यंत तुम्ही खरोखरच समजत होता की तुमच्या हातातला गुण गेला. यातलं कुठलं खरं म्हणून मी मनाचं समाधान करून घेऊ? दोन्हीत माझी सुटका नाही. आजारपणात मी तुमचे पाय चेपत होते, आत्याबाई अंगणात होत्या, सोप्यात आपण दोघंच. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "लिव्हलं का?" तापात खड्डे घेत होता बहुतेक. मी म्हटलं, "व्हय मामंजी, लिव्हलं." सरळ तुमच्याशी बोललेलं तेवढंच. आणि तेही खोटं.

साहेब परवा आले. जीप खाली ठेवून पायी चढून आले. तुमच्या फोटोला हार घातला, आत्याबाईंसमोर मान खाली घालून बसले. मग चहा झाल्यावर म्हणाले, "वरून कागद आलाय. बत्तीस नंबर मूळ जागीच घ्या म्हणतात, नकाशात मधे मोकळी जागा राहिली आहे. नवे मोठे साहेब येणार आहेत. माझ्याकडं फक्त हवालदारांचा शब्द आहे, लावलं होतं, मेलं. घरात ते कुणी बघितलं होतं का? म्हणजे मला तसं लिहिता येईल."

मी दाराआड होते. नुसतं व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं. आत्याबाई म्हणतच होत्या, "सगळ्यांनी बघितलं की सायेब." मामंजी, मला तुमचं ते शेंदराचं बोलणं आठवलं असं मी म्हणणार नाही, तेवढा विचार करायला वेळ नव्हता. मला फक्त एवढंच दिसलं की आता हे कागदावर जाणार. तुमच्या हातानं मेलं, असं सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जाणार.

"त्यांच्या हातानं न्हाई मेलं," मी दाराआडून म्हणाले. "मी खत घातलं."

साहेबांनी कप खाली ठेवला. आत्याबाई माझ्याकडं वळल्या. मी सगळं सांगितलं. तीन वेळा घातलं तेही सांगितलं.

साहेबांनी खिशातला कागद काढून परत वाचला. मग म्हणाले, "म्हणजे ताई, खत घातलं नसतं तर ते जगलं असतं?"

"जगलं असतं. पानं चांगली आली हुती."

"मग माझ्या हातात काय राहिलं? वरचे म्हणणार, उचला आणि दुसरीकडं लावा."

मी दाराबाहेर कधी आले मला कळलं नाही. चौकटीला धरून उभी होते. म्हणाले, "सायेब, मीबी मिरजेकडनं उचलून हितं लावलेली हाय. जगले. म्हणून काय माजं म्हायेर खणून काढायचं?"

साहेबांचंही गाव तिकडंच आहे. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, हसत होत्या की रडत होत्या कळेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "हे त्यांस्नी सांगायचं हुतंस गं." बाकी त्यांनी मला दोष दिला नाही, आजपर्यंत नाही.

साहेब म्हणाले, "असं तोंडी नको. लिहून द्या. खड्डा परत हलवता येईल का हे माझ्या हातात नाही, पण कागद मी वर पाठवीन, आणि कॉलेजातल्या सरांचं पत्रही त्याला जोडीन. तोवर बत्तीस नंबरला कुदळ लागणार नाही, एवढं बघतो."

मी चिठ्ठ्यांपलीकडं काही लिहिलेलं नाही. पण बसले. साहेब शब्द सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, माझं मी लिहिते. बत्तीस नंबरच्या जागेत काय उगवतं, कुठल्या महिन्यात दिसतं आणि कुठल्या महिन्यात दिसत नाही, ते लिहिलं. उन्हाळ्यात बघायला आलात तर जागा रिकामी वाटेल पण रिकामी नसते, ते लिहिलं. डोणीत चार कांदी जगली म्हणजे सडा जगला असं होत नाही, ते लिहिलं. खत मी घातलं, ते लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, माझ्या सासऱ्यांच्या हाताला गुण होता, त्यांनी लावलेलं कधी मेलं नाही.

साहेबांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, ही ओळ सरकारी कागदात लागत नाही."

मी म्हटलं, "राहू द्या."